पेबॅक्स आणि झिफ-8ची फिल्म: कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारा पडदा

लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी नुसत्या पेबॅक्स या पॉलिमरची फिल्म करायला लावते. झिफ-8 ही सच्छिद्र पूड घालून काय फरक पडला हे कळायला आपल्याच हातच्या फिल्मचा आकडा लागतो. शोधनिबंधातला आकडा इथे उपयोगी नाही.

3 ग्रॅम पेबॅक्स-1657चे दाणे, 68 ग्रॅम इथेनॉल, 29 ग्रॅम पाणी. रिफ्लक्स लावून (म्हणजे वाफ गार होऊन परत भांड्यातच पडेल असं) 80 अंशांवर दाणे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), जवळपास ज्योत नको. द्रावण गार होऊ देऊ नका, त्याचा जेल होऊ शकतो.

झिफ-8 म्हणजे जस्त आणि 2-मिथाइलइमिडाझोल यांचं जाळं. छिद्र 0.34 नॅनोमीटरचं, कार्बन डायऑक्साइडचा रेणू 0.33, नायट्रोजनचा 0.364. कागदावर वाटतं, नायट्रोजन बाहेरच अडेल. पण जाळं लवचिक असल्याने तोही आत शिरतो. निवड मुख्यतः पेबॅक्सच करतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्यात जास्त विरघळतो. झिफ-8मुळे वेग वाढतो. म्हणून सगळी मदार दाणा आणि पॉलिमर यांच्या सांध्यावर.

इथे अजिबात घाई करू नका. धुतलेलं झिफ-8 कडक वाळवलंत तर त्याचे गोळे होतात आणि ते ध्वनिलहरींनी गोळे फोडणाऱ्या सोनिकेटरलाही दाद देत नाहीत. थोडा नमुना वाळवून कोरडं वजन किती भरतं ते काढा, आणि त्या हिशोबाने 0.3 ग्रॅम भरेल इतकं ओलंच इथेनॉलमध्ये घ्या. सोनिकेट झालं की पेबॅक्सचं द्रावण आधी थोडंसंच घाला आणि ढवळा, म्हणजे दाण्यांवर पॉलिमरचा पातळ लेप बसतो. उरलेलं द्रावण नंतर.

टेफ्लॉनची डिश स्पिरिट लेव्हलने सपाट लावा, कोमट द्रावण ओता, वर सैल झाकण ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात पेबॅक्स हवेतलं पाणी ओढून घेतो, तेव्हा फिल्म सुटली की लगेच व्हॅक्यूम ओव्हनमध्ये. जाडी मायक्रोमीटरने पाच-सहा जागी मोजा. ती चुकली तर वायू किती सहज आरपार जातो ते सांगणारी पर्मिअ‍ॅबिलिटीही तेवढीच चुकते.

तपासणीत नायट्रोजन आधी, कारण कार्बन डायऑक्साइडने पॉलिमर फुगतो. नुसत्या पेबॅक्समध्ये कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनच्या साधारण 40 ते 50 पट जातो. हे गुणोत्तर 0.8च्या जवळ आलं तर फिल्मला भोक आहे किंवा ओ-रिंग (सीलची रबरी कडी) गळतेय: तिथे हलका वायूच जोरात पळतो. ते निस्तरल्यावरच 15 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि 85 टक्के नायट्रोजनचं मिश्रण लावा. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण तेवढाच असतो.