शेजारी पेटला की दिल्लीचं निवेदन कसं वाचायचं

मी अमळनेरचा कापसाचा दलाल. परराष्ट्र धोरणाशी माझा संबंध एवढाच, की आमच्या भागातल्या जिनिंगच्या गाठी बांगलादेशात जातात. ५ ऑगस्ट २०२४ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून दिल्लीजवळच्या हिंडनच्या हवाई तळावर उतरल्या, तेव्हा माझ्या एका पार्टीच्या दोन गाड्या पेट्रापोलच्या सीमानाक्यावर उभ्या होत्या. भाच्याचा फोन आला, "मामा, आते काय व्हई?" पोरगा जळगावला एमपीएससी करतोय, खरं तर त्यानंच मला सांगायचं! तेव्हापासून परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन मी सौद्याच्या चिठ्ठीसारखं वाचतो.

आधी टीव्ही बंद करा. निवेदन काढा आणि त्यात नाव कुणाचं आहे ते शोधा: सरकारचं की जनतेचं? जुलै २०२४मध्ये ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर होते, तेव्हा दिल्ली म्हणाली, ही बांगलादेशची अंतर्गत बाब आहे. याचा अर्थ, गादीवर बसलेल्याशी अजून व्यवहार चालू आहे. 'जनता' हा शब्द पुढे आला की समजा भाव फुटला, गादीवरच्याशी व्यवहार संपत आला. ९ जुलै २०२२ला कोलंबोत लोक राष्ट्रपतींच्या वाड्यात घुसले. दुसऱ्या दिवशी दिल्लीनं सांगितलं, आम्ही श्रीलंकेच्या जनतेसोबत आहोत. राष्ट्रपती गोटाबाया राजपक्षेंचं नाव नाही. नेपाळातही तसंच. ८ सप्टेंबर २०२५ला तरुणांच्या आंदोलनात १९ जणांचा जीव गेला. ९ तारखेच्या निवेदनात तरुण मुलांबद्दल दुःख होतं, संयमाचं आणि संवादाचं आवाहन होतं, पंतप्रधान ओलींसाठी मात्र शब्द नव्हता. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला.

एवढं जपून का बोलतात? दिल्लीचे हात एकदा चांगलेच भाजलेत. एप्रिल २००६, काठमांडूत राजाविरुद्ध आंदोलन. भारताचं तेव्हाचं सूत्र होतं 'दोन खांब', म्हणजे घटनात्मक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही. २१ एप्रिलला राजे ज्ञानेंद्रांनी पक्षांना पंतप्रधान सुचवायला सांगितलं आणि आपण लगेच स्वागत करून मोकळे झालो. माल न बघता सौदा! रस्त्यावरच्या लोकांनी राजाची ऑफर धुडकावली. परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना दुसऱ्याच दिवशी सांगावं लागलं, की निर्णय नेपाळच्या जनतेचाच. २४ तारखेला राजानं संसद परत आणली, आणि दोन खांबांतला एक पुढे उपटलाच गेला. म्हणून पहिल्या दिवशीचं निवेदन एकटं वाचू नका. दुसऱ्या दिवशीचं शेजारी ठेवा आणि कुठला शब्द गळला, कुठला आला ते लाल पेनानं खूण करा.

शब्द झाले की फाटक आणि पैसा बघा. इथं मी स्वतः फसलोय. ४ एप्रिल २०२५ला बँकॉकमध्ये मोदी आणि हसीनांनंतरच्या हंगामी सरकारचे तेव्हाचे प्रमुख युनूस भेटले. फोटो बघून मी एका जिनिंगवाल्या शेठला म्हणालो, "आता मोकळं होईल." चारच दिवसांत भारतानं बांगलादेशी मालाची आपल्या बंदरा-विमानतळांवरून परदेशी जाण्याची सवलत काढून घेतली. मग ढाक्यानं आपल्या सुताला जमिनीवरची नाकी बंद केली. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकात्यातून येऊ द्यायचं ठरवलं. शेठ अजून भेटले की "फोटो दाखव" म्हणतात. उलट श्रीलंकेला २०२२मध्ये भाषणांपेक्षा डिझेल, औषधं आणि कर्ज मिळून सुमारे ३८० कोटी डॉलरची मदत गेली. तिथं दिल्लीचं मन त्या आकड्यात वाचायचं.

'नोंद घेतली' दिसलं तर घाई करू नका. हसीनांना परत द्या, असं ढाक्यानं डिसेंबर २०२४मध्ये लिहिलं. दिल्ली म्हणाली, पत्र मिळालं. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं त्यांना फाशी सुनावली. दिल्ली म्हणाली, निकालाची नोंद घेतली. आमच्या धंद्यात याला 'बघू' म्हणतात. बघू म्हणजे नकार नव्हे, पण माल आज काढायचा नाही.

माझ्या त्या दोन गाड्या काही दिवसांनी पलीकडे गेल्या. उभ्या गाड्यांचं भाडं निम्मं मी दिलं, निम्मं पार्टीनं.