दप्तराचा माग कसा काढायचा

फारसीतून आलेल्या शब्दाचं मूळ शोधायचं तर कोश नंतर उघडा. आधी तो शब्द आपल्याच घरात कुठे कुठे पडलाय ते टिपून घ्या. माझी तेवीस वर्षं तहसिलीच्या अभिलेख कक्षात गेली, तेव्हा मी दप्तराचंच उदाहरण घेणार. नातीचं दप्तर म्हणजे पिशवी. आमचं दप्तर म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. ‘दप्तरी दाखल’ झालं की प्रकरण मिटलं. शिवाय दफ्तरदार हे आडनाव.

मग शेजारी विचारा. आमच्या खाली एक इराणी विद्यार्थी राहायचा. नात रिक्षात दप्तर विसरली, घरात रडारड. हा म्हणतो, एका वहीसाठी एवढं? फारसीत दफ्तर म्हणजे वही, आणि कचेरीसुद्धा. तुर्की ‘देफ्तेर’ वहीच, उर्दूत कचेरी. पिशवी झाली ती मराठी-गुजरातीत. वही, वह्या ठेवायची जागा, वह्या बांधायचं फडकं, वह्या न्यायची पिशवी: अर्थ असा सरकत येतो.

आता कोश. मराठीला मोल्सवर्थची 1857 ची आवृत्ती, फारसीला स्टाइनगास, 1892. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. पण फारसीपाशी थांबू नका. दफ्तर मूळचं ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचा कागद, मिळेना तेव्हा आयोनियन ग्रीक लोक शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत, म्हणून पुस्तकालाही ते कातडंच म्हणत राहिले. घटसर्पाचं डिप्थीरिया हे नाव त्याच शब्दावरून. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो ना!

नुसत्या आवाजावर मात्र जाऊ नका. शिवकाळातला डबीर, म्हणजे परराष्ट्र व्यवहार पाहणारा मंत्री, हा शब्द दफ्तराचाच भाऊ, असं मी कित्येकांना छातीठोकपणे सांगत असे. साफ चूक. फारसी ‘दबीर’ म्हणजे लेखनिक, आणि तो जातो प्राचीन फारसीतल्या ‘दिपि’कडे, म्हणजे लेखाकडे. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘लिपी’च्या जागी हाच ‘दिपि’ कोरलाय.

सरावाला ‘रुमाल’ घ्या. रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. मधले टप्पे तुम्ही शोधा.