खणातले कप्पे वाकले तेव्हा

मुलांचे खडू, कात्र्या, खोडरबर सगळं एकाच खणात कोंबलेलं असायचं. म्हणून रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून कप्प्यांसाठी पट्ट्या केल्या, एका बाजूला रंगीत कागद चिकटवला. सकाळी बघते तर प्रत्येक पट्टी धनुष्यासारखी वाकलेली! लेकीचं तोंड एवढंसं झालं.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. त्याने कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. कागद एकाच बाजूला, म्हणजे ओढही एकाच बाजूची. मग नव्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी एकाच जातीचा कागद लावला. गोंद जुन्या कार्डाच्या कडेने अगदी पातळ पसरवला (ब्रशने तो हमखास जास्त लागतो) आणि पट्ट्या रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवल्या. एकदम सरळ निघाल्या.

जोडायला गोंद नकोच, पट्ट्या खाचांनी एकमेकींत अडकवल्या. पट्टीची उंची 6 सेंमी, म्हणून खाचा 3 सेंमीच्या: आडव्या पट्ट्यांना वरून, उभ्यांना खालून. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी, नाहीतर कप्पे डुगडुगतात.

धाकट्याला अजून वाचता येत नाही, म्हणून लेकीने प्रत्येक कप्प्यावर चित्रं काढली. कात्री आता तोच जागेवर ठेवतो.