टी-शर्टवर मराठी अक्षरे फुटू नयेत म्हणून
शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे स्वतः काढलेले रेखाचित्र मागणीनुसार छपाई करणाऱ्या एका संकेतस्थळावर एसव्हीजी (रेषा-आकारांची चित्र-फाइल) स्वरूपात चढवले, तेव्हा नमुन्यात चित्रावर लिहिलेल्या ‘दिल्ली’ची वेलांटी ‘द’च्या पलीकडे गेली आणि दोन्ही ‘ल’ सुटे झाले. हे टाळण्यासाठी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून ‘पाथ’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे अक्षरे फाँटवर अवलंबून न राहता आकृती बनतात. संकेतस्थळ पीएनजीच (पिक्सेलची चित्र-फाइल) मागत असेल, तर पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी. 15 बाय 18 इंचांच्या छपाईला 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) 4500 बाय 5400 पिक्सेल लागतात.

मात्र आज्ञा देण्यापूर्वीची प्रत जपून ठेवावी, कारण आकृती झालेल्या अक्षरांतील ऱ्हस्व-दीर्घाची चूक टंकून सुधारता येत नाही, आणि पुण्यात ती चूक कोणीतरी दाखवतेच.