जुन्या सीएनसी लेथचं रेट्रोफिट: सुरुवात स्विचपासून

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका छोट्या रेट्रोफिटवाल्याकडे लागलो. माझी समजूत अशी, की जुना कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) काढायचा, नवा बसवायचा, वायरी जोडायच्या, झालं काम. पहिलंच मशीन आलं ते 1980 च्या दशकातलं जपानी लेथ, फॅनुक झिरो-टी कंट्रोलचं. पडदा थरथरायचा, आकडे वाचायला मान तिरकी करावी लागायची. सरांनी मल्टीमीटर आणि शंभर पानी वही हातात दिली. म्हणाले, "मशीनवर स्विच किती आहेत, मोजून ये."

अर्ध्या तासात सतरा मोजून आलो. "परत जा." चौथ्या दिवशी आकडा 41 वर गेला. दोन्ही अ‍ॅक्सिसचे ओव्हरट्रॅव्हल (त्या दिशेची सरकण्याची हद्द ओलांडली की लागणारे), होमचे, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेचे डॉग स्विच, टरेटच्या (टूल धरून फिरणाऱ्या तबकडीच्या) प्रॉक्सी, म्हणजे न टेकता धातू ओळखणारे सेन्सर, टरेट क्लँप झाल्याचा वेगळा स्विच, चकचा (कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, धरणाऱ्या पकडीचा) प्रेशर स्विच, पायाचे पेडल, टेलस्टॉक, ल्यूब ऑइलची पातळी, ल्यूब ऑइलचं प्रेशर, दरवाजा... काही तर पत्र्याच्या आत, बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) काळ्या पुडीत गाडलेले. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी अजून तेच काम देतो. कंट्रोल विकत मिळतो. कुठला स्विच कुणाला काय सांगतो, हे मात्र त्या मशीनलाच विचारावं लागतं, कारण ड्रॉइंग बहुतेक वेळा हरवलेलं असतं किंवा उंदरांनी खाल्लेलं.

म्हणून जुना कंट्रोल जिवंत आहे तोवर त्याला हात लावू नका. या फॅनुकमध्ये डायग्नोसिसचं पान असतं. त्यावर प्रत्येक इनपुट शून्य किंवा एक असा दिसतो. एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने पडद्यावर कुठला बिट बदलला ते ओरडून सांगायचं, आणि वहीत लिहायचं. पॅरामीटर (मशीनच्या सेटिंग) आरएस-232 पोर्टमधून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे, शिवाय पडद्याचे फोटो काढायचे. आणखी एक: या कंट्रोलची मेमरी बॅटरीवर जगते, आणि सेल बदलायचे ते पॉवर चालू ठेवून. बंद मशीनचे सेल काढले की पॅरामीटर गेले. एका गिऱ्हाइकाच्या मेंटेनन्सवाल्याने आम्ही पोचायच्या आधल्या दिवशी 'तयारी' म्हणून नेमकं तेच करून ठेवलं होतं. तिथे सगळं मल्टीमीटरचा बझर वाजवत शोधावं लागलं.

वही भरता भरता लूप सापडायला लागतात. पूर्वी कधीतरी स्विच बिघडला, रात्रपाळीला स्पेअर नव्हता, कुणीतरी टर्मिनलवर वायरचा तुकडा मारून मशीन चालू केलं आणि तो तुकडा पंधरा वर्षं तिथेच राहिला. आमच्या लेथवर दरवाज्याच्या स्विचला लूप होता, एका ओव्हरट्रॅव्हलला होता, आणि चकच्या प्रेशर स्विचलाही होता. या शेवटच्याने माझ्या पोटात गोळा आला. हायड्रॉलिक प्रेशर उतरलं तरी स्पिंडल फिरत राहणार, म्हणजे चकचे जॉ (पकडीचे दात) सैल होऊन जॉब बाहेर. मालक म्हणतील, "इतकी वर्षं काही झालं नाही, राहू दे तसंच." तिथे नवख्या माणसाने गप्प बसू नये. लूप काढूनच मशीन द्यायचं, पटत नसेल तर काम सोडायचं. माझं हे मत काही गिऱ्हाइकांना महाग पडलं आणि मलाही.

नव्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: ओव्हरट्रॅव्हल आणि एमर्जन्सीला एनसी कॉन्टॅक्ट का वापरतात? एनसी म्हणजे एरवी जुळलेला, दाबल्यावर उघडणारा; एनओ त्याच्या उलट. वायर तुटली, लग निघाला, तरी सर्किट उघडतं आणि मशीन थांबतं. एनओ वापरला तर तुटलेली वायर कळते ती धडक बसल्यावर. एमर्जन्सी नुसती पीएलसीच्या (स्विच वाचून हुकूम देणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटला देऊन भागत नाही. ती सेफ्टी रिलेतून ड्राइव्हपर्यंत (मोटर चालवणाऱ्या युनिटपर्यंत) तारेने पोचली पाहिजे. आपल्या लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, चूक असली तरी बटण दाबल्यावर मशीन थांबलं पाहिजे.

त्या लेथवर आम्ही सीमेन्सचा 828डी बसवला. पॅनेल तयार, ग्लँड (वायर आत घेणारी बुचं) आवळलेले, फेरूलवर नंबर, सगळं देखणं. टरेट फिरवला तर एकही इनपुट पेटेना. दोन तास मी नव्या कार्डाला शिव्या घातल्या. घोळ साधा होता: जुन्या प्रॉक्सी एनपीएन, नव्या कंट्रोलला हवा पीएनपी. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल, हे दोन्हींत सारखंच, म्हणून बाहेरून कळत नाही. पीएनपी सिग्नलवर 24 व्होल्ट देतो, एनपीएन सिग्नलला शून्याकडे खेचतो. मध्ये रिले टाकून निभावता येतं, पण प्रॉक्सीसुद्धा तेवढ्याच म्हाताऱ्या होत्या, म्हणून सगळ्या बदलल्या. पीएनपी मला आवडतो त्याचं कारण वेगळं आहे. 24 व्होल्टचा शून्य अर्थिंगला, म्हणजे मशीनच्या बॉडीला, जोडलेला असेल आणि सिग्नलची वायर घासून बॉडीला टेकली, तर एनपीएनमध्ये कंट्रोलला वाटतं स्विच लागला. पीएनपीमध्ये खोटा सिग्नल येत नाही.

प्रॉक्सी बदलल्यावर टूल 3 लावला की पडद्यावर 1 यायचा, 7 लावला की 5. थांबा, पुढे वाचण्याआधी स्वतः काढून बघा. टरेटचा नंबर 1, 2, 4, 8 अशा किमतीच्या स्विचांनी बनतो. दोनाची किंमत असलेल्या स्विचची वायर ग्लँडमध्ये चेंगरली होती.

जपानी मशीनचा आणखी एक फास म्हणजे 200 व्होल्ट. आपल्याकडे 415, म्हणून मागे भलामोठा ट्रान्सफॉर्मर असतो. नवे ड्राइव्ह थेट आपल्या सप्लायवर चालतात, मग उत्साहात ट्रान्सफॉर्मर भंगारात जातो. त्यानंतर आठवतं की हायड्रॉलिक पंप आणि कूलंटच्या मोटरी अजून 200 च्याच आहेत. पॅनेलमध्ये नारिंगी वायर दिसली तर जपून. मेन स्विच बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या सर्किटसाठी तो रंग ठेवतात. ड्राइव्हचे कपॅसिटरही लगेच मरत नाहीत, त्यांना ड्राइव्हवर चिकटवलेल्या सूचनेत लिहिलेली मिनिटं द्या.

इलेक्ट्रिकलवाले हमखास विसरतात ते डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं गेज. ऑर्डर घेण्याआधी मॅग्नेटिक स्टँड लावून दोन्ही अ‍ॅक्सिसचा बॅकलॅश (दिशा उलटताना पडणारी ढिलाई) मोजा, आणि तो एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. बॉलस्क्रू झिजतो तो जिथे रोजचं काम चालतं तिथे, म्हणजे चकजवळ. कंट्रोलमध्ये बॅकलॅशची एकच किंमत टाकली तर एका टोकाला साइझ बरोबर येतो आणि दुसरीकडे बिघडतो. झिजलेला स्क्रू नव्या कंट्रोलने तरुण होत नाही. एक्स अ‍ॅक्सिस डायामध्ये (व्यासात) चालतो हेही ध्यानात ठेवा: डायलवर 0.05 मिमी दिसला तर जॉबच्या व्यासात तो 0.10.

आता माझी चूक. पैसे वाचवायला इन्क्रिमेंटल एन्कोडरच्या (फिरकी मोजणाऱ्या, पण वीज गेली की जागा विसरणाऱ्या सेन्सरच्या) मोटरी घेतल्या होत्या. असं मशीन सकाळी होम घेताना डॉग स्विचवर जातं, वेग कमी करतं, डॉग सुटला की एन्कोडरच्या एका फेऱ्यातली शून्याची खूण शोधतं आणि तिथे थांबतं. मी झेडचा (लांबीच्या दिशेचा) डॉग जुन्या जागीच ठेवला. नशिबाने तो सुटण्याची जागा त्या खुणेच्या अगदी तोंडावर आली. कधी ती खूण पकडायची, कधी पुढच्या फेऱ्याची. स्क्रूची पिच 10 मिमी, मोटर थेट जोडलेली. आठ दिवस सुरळीत, नवव्या दिवशी मशीन 10 मिमी चकच्या बाजूला सरकून होम झालं आणि पहिल्याच जॉबला टूल जॉवर आदळलं. ऑपरेटर मामांचा हात फीड होल्डवर (टूलची चाल थांबवणाऱ्या बटणावर) होता म्हणून टूलहोल्डरवर भागलं. डॉग अशा बेताने सरकवायचा की तो सुटल्यापासून खूण साधारण अर्ध्या फेऱ्यावर येईल. मी ते तपासलंच नव्हतं. परवडत असेल तर सरळ अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर घ्या, तो जागा विसरत नाही.

आमच्या भागात फाउंड्री भरपूर, त्यामुळे बीडाचं मशीनिंगही भरपूर. बीडाची पूड विजेला वाट देते. पॅनेलला फिल्टरचा पंखा लावलात तर ती आत ओढली जाते, म्हणून बंद पॅनेल आणि हीट एक्स्चेंजर किंवा पॅनेल एसी, आणि दाराचं गॅस्केट दर भेटीत बघायचं. दुसरी पूड खंडेनवमीची. पूजेला हळद-कुंकू थेट बटणांवर, वर नारळाचं पाणी. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात 'सायकल स्टार्ट (काम चालू करायचं बटण) लागत नाही' असे फोन येतातच. मी आता पॅनेलच्या बाजूला एक कोरी पट्टी मारून देतो, पूजेसाठी.

शिकायला काय लागतं? आयटीआय इलेक्ट्रिशियन चालतो, टर्नर चालतो, डिप्लोमा चालतो. टर्नर असाल तर ड्रॉइंग वाचायला आणि लॅडर लिहायला शिका. इलेक्ट्रिशियन असाल तर महिनाभर कुणाच्या तरी मशीनवर जॉब काढा, नाहीतर थ्रेडिंगला स्पिंडल एन्कोडर का लागतो हे पुस्तकातच राहील. घरी जुना पीसी असेल तर लिनक्ससीएनसी फुकट आहे आणि मशीन न जोडता सिम्युलेटरवर चालतं. त्यातच लॅडरही लिहून बघता येतो. पगार सुरुवातीला फार नसतो, रात्रीचे फोन मात्र पहिल्या महिन्यापासून.

त्या पहिल्या लेथचं कमिशनिंग झालं तेव्हा मामा नव्या पॅनेलसमोर दोन दिवस अवघडलेले दिसले. तिसऱ्या दिवशी बोलले, "बटण लांब ठेवलंयस बाळा. माझा हात हितं जातोय," आणि रिकाम्या पत्र्यावर बोट टेकवलं. वीस वर्षं सायकल स्टार्ट तिथे होतं. आणि फीड होल्ड त्याच्या डाव्या अंगाला, अंगठ्याखाली. माझी वही काढली. 41 स्विचांचे बिट होते, जागा लिहिलेल्या नव्हत्या. ड्रिल आणून दोन नवी भोकं पाडली, बटणं हलवली, जुन्या भोकांना रबरी बुचं लावली आणि संध्याकाळी मशीन सोपवलं.