चौकटीवर जनावर दिसले? आधी या चुका टाळा

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे दोन गोष्टी ठरलेल्या. वीज जाते, आणि कुणाच्या तरी घरातून ‘जनावर, जनावर’ अशी हाक ऐकू येते. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून जनावर. बिळांत पाणी शिरते, बेडूक अंगणात येतात आणि त्यांच्यामागून बाकीचे. नागाची अंडी याच सुमारास फुटतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, तीही याच दिवसांत. चिऱ्याच्या भिंतीतली फट, कौलांखालचा वासा, न्हाणीची मोरी, यातले काहीही त्यांना पुरते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच दाराच्या चौकटीवर हातभर लांबीचे, तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे असलेले काहीतरी सरकताना दिसले. आई ओरडली, “मण्यार आहे रे, दांडा आण!” मी दांडा आणायला धावलो. परत येतो तर चौकट रिकामी. ती रात्र आम्ही चौघांनी पाय वर घेऊन खाटेवर बसून काढली. सकाळी चपलांच्या रॅकमागे सापडला तो साधा कवड्या होता, बिनविषारी. पालींच्या मागे लागून आत आलेला.

चूक कुठे झाली, तर दांडा आणायला जाण्यात. साप दिसतो आहे तोवर तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत असते. एकाने किमान सहा-सात फुटांवर उभे राहून नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत न्यायचे. आतली दारे बंद करून त्यांच्या खालच्या फटीत गोणपाट किंवा जुनी चादर कोंबायची, बाहेरचे दार उघडे ठेवायचे. पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो. नाही गेला तर वन खात्याच्या जवळच्या कार्यालयाला, अग्निशामक दलाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. लांबून झूम करून फोटो काढला तर फोनवरच अर्धे काम होते.

आणि नजर सुटलीच तर? आमच्यासारखे रात्रभर बसायची गरज नाही. ती खोली बंद करा आणि दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर पिठाचा पातळ थर पसरा. रात्रीत तो बाहेर पडला तर नागमोडी रेघ उमटलेली दिसते. नसेल उमटली, तर तो अजून आतच आहे असे धरून चाला. सकाळी बॅटरी घेऊन आधी फ्रिजमागे, वॉशिंग मशीनखाली, पडद्यांच्या चुण्यांत बघा. हात कुठेही घालायचा नाही, लांब काठीने सामान सरकवायचे.

पट्टे बघून मण्यार ठरवू नका, आणि कवड्याही ठरवू नका

गोव्यातल्या घरांत सर्वांत जास्त गफलत या दोघांची होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार चकचकीत निळसर काळी, पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने. तिचा पुढचा भाग पुष्कळदा कोराच असतो आणि शेपटीकडे पट्टे स्पष्ट होतात. ऐकायला सोपे वाटते. पण मण्यारीच्या पिल्लात मानेपर्यंत खुणा असतात आणि अर्ध्या उजेडात तपकिरी काय नि काळे काय. कवड्या भिंतीवर सरसर चढतो हे खरे, तरी मण्यारही अंथरुणापर्यंत पोचते. म्हणून ही ओळख फोनवर सांगायला वापरा, हात लावायचा परवाना म्हणून नव्हे. घोणशीच्या पिल्लाला अजगराचे पिल्लू समजून हातात घेणारेही भेटतात.

‘एवढासा तर आहे’ हा युक्तिवाद तर मुळीच चालत नाही. फुरसे पूर्ण वाढले तरी फूट-दीड फुटाचेच असते. उलट बाजूने, न्हाणीत मोरीतून गांडुळासारखा चमकदार काळपट किडा वर आला आणि तो वळवळत जीभ बाहेर काढत असेल, तर तो वाळा, म्हणजे सापच, पण बिनविषारी. मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा, कुणाला काही न करणारा. त्याच्या जातीत नरच नाहीत, सगळ्या माद्या, नराशिवायच अंडी देतात. वहिनी मात्र दर पावसाळ्यात त्याच्यावर उकळते पाणी ओतायला निघते. सुपलीवर घेऊन झाडाच्या मुळाशी सोडला की काम भागते.

सापसुरळीही तशीच बदनाम. ती चावली तर माणूस मरतो असे लहानपणी आम्हीही ऐकले होते. तिला विष नाही. पालीलाही नाही, पण तिच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरू शकतो, म्हणून दुधात पाल पडली तर ते ओतून द्यायचेच. पालींसाठी चिकट कागद लावत असाल तर थांबा. त्यात कवड्या अडकतो, सापसुरळी अडकते, तडफडत दिवस काढते. अडकलेलीच दिसली तर खोबरेल तेल थेंबाथेंबाने सोडल्यावर गोंद सुटतो. घोरपड आत शिरली तर मारणे दूरच, पकडूनही ठेवू नका. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाच्या बरोबरीचे.

फिनाईल, डांबरगोळ्या, रॉकेल, गंधक हे सगळे आमच्याकडेही झाले. साप याने थांबत नाहीत, घरात वास मात्र राहतो. उपयोग होतो तो मोरीला बारीक जाळी बसवण्याचा आणि दाराखाली रबरी पट्टी लावण्याचा. नारळाची सोडणे (सोललेली सालं) नि चुडतांची (झावळ्यांची) रास भिंतीला टेकून ठेवू नये. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान रानातून आणता, तेव्हा घोस आणि पाने अंगणातच झटकून घ्या.

चावलाच, तर

मण्यारीचा दंश बरेचदा झोपेत होतो आणि दुखतही नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड होणे, गिळता न येणे. ‘रात्री काहीतरी खाण्यात आले असेल’ म्हणून लिंबूपाणी देत बसणे ही या यादीतली सर्वांत महाग चूक आहे. आवळून बांधणे, ब्लेड मारणे, तोंडाने ओढणे, मुळी उगाळणे, यात वेळ जातो आणि वर इजाही होते. चावलेला हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करून थेट जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. साप पकडून नेऊ नका. आपल्याकडची सर्पविषावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते. पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळा, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

आमच्या घरी शेवटी एकच मोठा बदल झाला. पडवीतला रात्रभर जळणारा पांढरा बल्ब काढून फाटकापाशी नेला. दारावर किडे यायचे कमी झाले, किडे नाहीत म्हणून पाली पांगल्या, आणि चौकटीवर त्यानंतर कवड्या दिसला नाही. घड्याळामागची एक जाडी पाल तेवढी राहिली आहे. ती चुकचुकली की आई अजून जमिनीवर बोट टेकवून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणते, आणि मला विचारते, “रॅकमागे बघितलेस का?”