चर्चेसाठी सिनेमा निवडताना

सिनेमानेच शेवटी उत्तर देऊन टाकलं, की गप्पा तिथंच संपतात. म्हणून दोन्ही बाजू पटतील असा सिनेमा निवडा. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) घ्या. छोट्या परश्याला डोळ्यांचा कॅन्सर आहे. ऑपरेशनने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. हे त्याला आधी सांगायचं का? डॉक्टर म्हणतात, सांगायलाच हवं. आजोबांचा धीर होत नाही. इथे माझंही मत दर वेळी हलतं. नंतर ‘सिनेमा आवडला का?’ असं विचारूच नका. ‘तुम्ही त्या पोराला सांगितलं असतं का, आणि कोणत्या शब्दांत?’ असं विचारा. तीन तासांचा सिनेमा मात्र टाळा. बोलायला कुणात त्राण उरत नाही.